‘पाच मिनिटं थांब रे’ म्हणणाऱ्यांना

ताटं बाजूला ठेवा आणि इकडे लक्ष द्या. जेवणानंतर उद्याचा कार्यक्रम सांगायचा असं ठरलं होतं. तो सांगेनच. पण आधी आज सकाळबद्दल बोलायचं आहे, आणि ते आडपडदा न ठेवता बोलणार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

सव्वासातला हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघायचं, हे काल रात्री याच अंगणात सांगितलं होतं. निघालो साडेआठला. कुणाची अंघोळ राहिली होती, कुणाला दुसरा चहा हवा होता, कुणाला चार्जर सापडत नव्हता. डोंगर चढून, कड्यांमधल्या त्या अरुंद पायऱ्या उतरून आपण खाली खडकावर पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. दहाला आपल्या वाटाड्याने पहिली हाक मारली, सव्वादहाला दुसरी. त्यानंतर तो स्वतः मागे आला. त्याला काय उत्तर मिळालं? ‘ए, पाच मिनिटं थांब रे, एवढा एक फोटो होऊ दे.’ शेवटचे तिघं पुळणीवर आले तेव्हा साडेदहा उलटून गेले होते आणि सकाळी कोरड्या असलेल्या घळीत गुडघाभर पाणी होतं.

त्या तिघांची नावं मी घेणार नाही. ती सगळ्यांना माहीत आहेत. आणि उशीर फक्त तिघांनी केला असंही समजू नका. सव्वा तास सकाळीच गेला होता आणि तो सगळ्यांनी मिळून घालवला.

आता मला सांगा, सव्वासात ही वेळ मी कुठून काढली होती? माझ्या हौसेने? आज वद्य तृतीया. तिथीला पाऊणने गुणा. तीन पाऊणं सव्वादोन. म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तास मागे या, की सव्वाआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा हिशेब या किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात तोंडपाठ आहे. खडकावर कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना घड्याळ लागत नाही, त्यांना तिथी पुरते. छापील कोष्टकाशी थोडं मागंपुढं होतं, म्हणून मी कोष्टकही बघते. दोन्हींचा मेळ घालून सव्वासातला निघायचं ठरवलं होतं, म्हणजे पाणी उतरत असताना खडकावर पोचायचं, पूर्ण ओहोटीला सावकाश बघायचं आणि दहाच्या आत बाहेर पडायचं.

दहाच का, तेही ऐका. ओहोटी आणि भरती यांमधले सहा तास पाणी एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा चढ उरकतो. सव्वाआठपासून मोजा. सव्वादहा ते सव्वाबारा हे ते दोन तास. तुमचा फोटो नेमका त्याच वेळात चालला होता. आणि पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेत, उधाणाचा जोर अजून ओसरलेला नाही. अष्टमीच्या भांगाला, भरतीचा जोर कमी असताना, जी चूक कदाचित खपून गेली असती, ती तुम्ही तृतीयेला केलीत.

एकाने मला वाटेत सांगितलं, ‘समुद्र तर अगदी शांत होता.’ शांत दिसत होता. लाटा एकसारख्या येत नाहीत. दूरवरच्या वादळातून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर येतात, आणि त्या टप्प्याटप्प्याने येतात: बराच वेळ लहान, मग एकापाठोपाठ दोन-चार मोठ्या. इथे आभाळ निरभ्र असतं, वाऱ्याची झुळूक नसते, आणि तरीही लाट येते. 2024 च्या मे महिन्यात कन्याकुमारी जिल्ह्यात किनाऱ्यावर गेलेले 5 तरुण वैद्यकीय विद्यार्थी अशाच लाटांनी ओढून नेले. तशा लाटांचा इशारा आधी दिलेला होता. सूचना होती, ऐकणारे कान नव्हते. दहा मिनिटं समुद्राकडे बघून तो शांत आहे की नाही हे ठरवणाऱ्या माणसाला समुद्र कळलेला नाही.

दुसरा म्हणाला, ‘मला पोहता येतं.’ पोहणं तळ्यात उपयोगी पडतं, वाळूच्या किनाऱ्यावरही थोडंफार पडतं. त्या खडकावर लाट माणसाला उचलते आणि शिंपल्यांची धारदार कवचं चिकटलेल्या कातळावर आपटते, मग परतणारं पाणी त्याला तसंच घासत खाली नेतं. हात मारायला वेळच मिळत नाही. खडकावर जिवंत राहायचा एकच उपाय आहे, वेळेवर खडक सोडणं. भरतीच्या वेळी प्रदक्षिणेला जाऊ नये, ही सूचना इथे काही लोकांना त्रास द्यायला केलेली नाही. माणसं गेली आहेत, म्हणून ती आहे.

आता त्या मुलाबद्दल, ज्याला तुम्ही ‘ए’ म्हणालात.

तो या गावचा आहे. वडलांबरोबर लहानपणापासून या खडकांवर फिरलेला आहे. कुठलं शेवाळ पायाखाली सरकतं, कुठल्या घळीत पाणी मागच्या बाजूने शिरतं, हे त्याला दिसतं आणि मला दिसत नाही. म्हणून खडकावर असेपर्यंत त्याचा शब्द माझ्याही वर आहे, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्याचा एक नियम आहे: गटातला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो बाहेर पडत नाही. तुम्ही मागितलेली पाच मिनिटं तुमच्या खिशातली नव्हती. ती त्याच्या जिवावर मागितली होती. तुम्ही फोटोत हसत होता तेव्हा तो तुमच्या आणि पाण्याच्या मधे उभा होता. त्याची आई पुळणीवर आली होती, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं? ती काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं मला वाटतं.

‘आम्ही पैसे भरलेत’ हेही वाक्य आज ऐकलं. भरलेत, मान्य. मोठ्या बसने येणाऱ्यांपेक्षा जास्त भरलेत. पण कशाचे भरलेत याचा विचार केलात का? बाराजणांचा गट ही काही तुमची बडदास्त ठेवण्याची सोय नाही. बारा का, याला कारणं आहेत. त्या कड्याखाली लाटांच्या आवाजात माणसाची हाक फार लांब जात नाही. बाराजण जवळ चालले तर शेवटच्यापर्यंत पोचते. एका नजरेत बारा डोकी मोजता येतात, पन्नास मोजता येत नाहीत. खडकातल्या डबक्याभोवती बाराजण त्यात पाय न टाकता बसू शकतात. 2016 च्या 1 फेब्रुवारीला याच रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून आलेल्या एका महाविद्यालयीन सहलीतली 14 मुलं बुडाली. शंभराहून जास्त जणांची सहल होती ती. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, सहली नेल्या. त्या बातमीनंतर गट लहान ठेवायचा हे मी ठरवलं आणि त्यात तडजोड केली नाही. लहान गटात प्रत्येकावर शेजारच्याचा भार जास्त पडतो. पन्नासात एक जण मागे राहिला तर तो हरवतो. बारात एक जण मागे राहिला तर बाकीच्या अकरांना त्याच्यासाठी पाण्यात उभं राहावं लागतं. आज राहावं लागलं. दोघी जणी साठीच्या पुढच्या आहेत, त्या ओल्या कातळावर अर्धा तास उभ्या होत्या. त्यांची क्षमा मागितलीत का? मी तरी ऐकलं नाही.

आणि इतका वेळ तिथे थांबून तुम्ही पाहिलंत तरी काय?

त्या कड्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. अशी खडकातली जाळी बघायला भूगोलाचे विद्यार्थी लांबून येतात. हा दख्खनचा काळा पाषाण, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा. लाटांचे तुषार त्याच्या बारीक छिद्रांत शिरतात, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ मागे उरतं. मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण आतून सुटा करतात. एक खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. दोन खळग्यांमधली भिंत तेवढी उरते, काही ठिकाणी बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. आणि पायाखालचा तो सपाट कट्टा? तो कुणी बांधलेला नाही. लाटांनी कड्याचा पाया खाल्ला, वरचा भाग कोसळला, कडा मागे सरकला. त्या सगळ्या मागे सरकण्याची जागा म्हणजे तो कट्टा. तुम्ही उभे होता तिथे कधीकाळी डोंगर होता. हे मी सांगत होते तेव्हा चौघांचे कान माझ्याकडे होते.

त्या जाळीच्या भिंतीवर आज एकाने किल्लीने नावाचं आद्याक्षर कोरलं. मी पाहिलं. जी भिंत व्हायला माणसाच्या कल्पनेपलीकडचा काळ लागला, ती अर्ध्या मिनिटात मोडली. ती दुरुस्त होत नाही. पेशव्यांचं कुलदैवत म्हणून, दक्षिण काशी म्हणून इथे पिढ्यान् पिढ्या माणसं आली. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं दर्शन घेऊन प्रदक्षिणा करून गेली. अनवाणी गेली. त्या श्रद्धेत काही असो नसो, जागेपुढे वाकायची रीत होती. ती तुम्ही गाडीतच ठेवून आलात.

आणखी एक. कुणाच्या तरी पिशवीत एक शंख आहे. तो रिकामा नाही, त्यात खेकडा राहतो. त्या जातीच्या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्याला स्वतःचं कवच नसतं, मेलेल्या गोगलगाईच्या शंखात तो घर करतो. उद्या दुपारपर्यंत तो पिशवीत मरेल आणि तुम्ही वासाने हैराण होऊन तो शंख फेकून द्याल. आत्ता उठा, वाटाड्याला सोबत घ्या आणि तो पुळणीच्या टोकाशी ओल्या खडकावर ठेवून या. एकट्याने जायचं नाही, आणि कडेपर्यंतही जायचं नाही.

आता उद्याचं. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडून आपण वेळासला जाणार. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरली जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणाच्या आत पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. पिल्लं समुद्राकडे सोडतात तेव्हा दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. पाऊल पुढे टाकायचं नाही. फ्लॅश नाही, बॅटरी नाही. समुद्रावरचा उजेड हीच त्या पिल्लाची मुख्य खूण असते आणि तुमच्या मोबाइलचा उजेड त्याला गावाकडे वळवतो. मोठं होईपर्यंत हजारात एखादंच वाचतं म्हणतात. त्या एखाद्याच्या वाटेत तुमची चप्पल येता कामा नये. पिल्लं बाहेर आलीच नाहीत तर ‘आम्ही मग कशाला आलो’ असं गावकऱ्यांना ऐकवायचं नाही. ते कासवांचे मालक नाहीत. आपण त्यांच्या घरात राहणार आहोत, त्या घरातली बाई पहाटेपासून चुलीपुढे असते. जेवणाची वेळ ती सांगेल ती.

परवा पंचमी, हेदवी. तिथली बामणघळ भरतीलाच बघायची असते. खडकाच्या अरुंद फटीत पाणी घुसतं आणि उंच उसळतं. पाच पाऊणं पावणेचार. तीन वाजता आपण तिथे असू आणि घळीपासून लांब, वाटाड्या दाखवील त्या जागी उभे राहू. त्याच्यापुढे एकही पाऊल नाही, उसळी कितीही सुंदर असली तरी. ज्या गावी जाऊ त्या गावचा वाटाड्या बदलेल, नियम बदलणार नाही: पहिल्या हाकेला वळायचं, दुसरी हाक मारायची वेळ आणायची नाही, आणि त्याला नावाने हाक मारायची.

तुम्ही वाईट माणसं नाही. शिकलेली, कमावती, घरी आईवडलांची काळजी घेणारी माणसं आहात. म्हणून मला जास्त लागलं. कामावर तुम्ही वेळ पाळता, कारण तिथे पगार कापला जातो. इथे मुलाचा जीव जायचा राहिला आणि तुमच्यापैकी एकानेही संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलले नाहीत. तो आता ओट्यावर बसलाय. झोपायच्या आधी त्याच्याकडे जा.

सकाळी साडेसहाला गाडी निघेल. साडेसहा म्हणजे सामान गाडीत आणि माणसं जागेवर. ज्याला हे जमणार नाही असं वाटतं, त्याने आत्ता, माझ्यासमोर सांगावं. त्याचे उरलेल्या दिवसांचे पैसे मी परत करीन आणि श्रीवर्धनहून त्याला पुण्या-मुंबईची एसटी मिळेल.