सिक्वेन्स मोठा की कलर?

भाची : मामा, अठ्ठी, नव्वी, दश्शी, तिन्ही बदामाच्या समोर उघड्या पडल्यात. तुझ्याकडे इस्पिक गुलाम आणि चौकट राणी. सिक्वेन्स झाला खरा, पण एवढे शेंगदाणे वाढवायचे?

मामा : पोकरमध्ये कलर वरचढ, हे पाठ आहे गं. हात ऐकत नाही. इतक्या दिवाळ्या तीन पत्तीत सिक्वेन्सनं कलर मारलाय!

भाची : तो नियम लहरी नाही. तीन पत्त्यांच्या एकूण 22,100 जुळण्या होतात. त्यांत सिक्वेन्स 720, कलर 1,096. जे दुर्मीळ ते मोठं. इथं पाच पत्त्यांचा हात धरतात. पाचही बदाम किंवा पाचही किलवर येणं फार अवघड, म्हणून कलर 5,108 आणि सिक्वेन्स 10,200. तत्त्व तेच राहिलं. तुला विसरायचं काहीच नाही.

मामा : तत्त्व म्हणतेस? मग ट्रेल मोज. तीन दुऱ्यांपासून तीन एक्क्यांपर्यंत तेरा प्रकार, प्रत्येकाच्या चार तऱ्हा. 52 झाले. प्युअर सिक्वेन्स 48च. तरी तीन पत्तीत सगळ्यांच्या वर बसतो ट्रेल.

भाची : हे मी कधी मोजलं नव्हतं.

मामा : म्हणजे मी जन्मभर जे शिकलो त्यात थोडं गणित होतं, आणि थोडी बसणाऱ्यांची संमती. कुठलं कुठलं, ते आज वेगळं करता येत नाही.

 

भाची : मग सगळं बाजूला ठेव. कोरा बस.

मामा : आणि माणसं वाचायची नजर? ब्लाइंड खेळणारा स्वतःचे पत्ते न बघता चाल करतो, पत्ते बघितलेल्या सीनवाल्याला त्याच्या दुप्पट टाकावे लागतात. ब्लाइंडवाल्याच्या हातात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. तिथं चेहराच वाचावा लागतो. तीही कमाई टाकून देऊ?

भाची : नजर पक्की आहे तुझी, अर्थ मात्र जुना लावतोस. तिथं धिटाई म्हणजे न बघता उडी. इथं प्रत्येकानं आपले दोन पत्ते पाहिलेले असतात, वर पाच सगळ्यांसमोर उघडतात. धीट माणूस इथं बहुधा काहीतरी बघून धीट झालेला असतो. मघाशी तू समोरच्याचा चेहरा वाचत होतास, तीन बदाम नाही.

मामा : मग काय ठेवायचं, काय टाकायचं, हे आधी कळावं कसं?

भाची : आधी नाहीच कळणार. हरल्यावर कळेल, तेही त्या डावापुरतं. म्हणून तर शेंगदाणे लावून खेळतोय.

मामा : वाट तर मग. पत्ते हातात येताना मला नियम विचारू नकोस, तेव्हा मी बरोबरच सांगेन. शेंगदाण्यांकडे हात गेला की विचार.