फसवें धनुष्य

(वाचावयाचे भाग: होशेय ७:१६, रोमकरांस पत्र १५:१)



होशेय संदेष्ट्यानें आपल्या लोकांना फसव्या धनुष्याची उपमा दिली. ते वळले खरे, पण परात्पर देवाकडे वळले नाहींत, हा त्याचा ठपका. फसवें धनुष्य मोडलेलें नसतें. तें दिसावयास नीट असतें, दोरी चढते, बाणही सुटतो. मात्र जेथें नेम धरावा तेथें तो जात नाहीं.

पनवेल तालुक्यांतील बेलपाडा व खारघरच्या डोंगरांच्या मुलखांत ही उपमा फोडून सांगावयास नको. या रानांतील कातकरी व ठाकूर लोकांच्या वाडवडिलांना धनुष्यबाण ओळखीचा होता. आतां त्या मुलखाचें रूप पालटलें. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व शहर वाढलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत बेलपाडा नांवाचें मेट्रोचें स्थानकही सुरू झालें. १९७२ च्या कायद्यानें रानांतील शिकारीसही आळा घातला. धनुष्याचें काम सरलें. त्याची शिकवण मात्र सरली नाहीं.

चांगल्या धनुष्यास जून वेळू लागतो. तो चिरून सावलींत वाळवावा. ओल्या वेळूवर घाईनें दोरी चढविली, तर तो वांकतो तो वांकलेलाच राहतो, आणि त्याचा जोर जातो. नव्या विश्वासणाऱ्यावर भलता भार टाकणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

वेळूची बळकटी त्याच्या सालीजवळ असते, कारण तेथें तंतू दाट असतात. धनुष्य ओढतांना बाहेरील बाजूस ताण बसतो, म्हणून ती साल राखून आंतील बाजू तासतात. पश्चात्तापही असाच आहे. बाहेरून गुळगुळीत होणें सोपें. तासावयाचें तें आंतून.

पुढें खरें कसब आहे. कारागीर धनुष्य थोडें थोडें वांकवून पाहतो. दोन्ही बाजू सारख्या वांकल्या पाहिजेत. एखादें ठिकाण फार वांकत असेल, तर तेंच दुबळें समजावें. अडाणी माणूस तेथेंच कोयता चालवितो आणि धनुष्य मोडतो. जाणता मनुष्य दुबळ्या जागेस हात लावीत नाहीं. जो भाग ताठ राहिला आहे तो तो तासतो, म्हणजे भार सर्वांवर वांटला जातो.

बंधूंनो, येथें मला माझी चूक कबूल केली पाहिजे. आमच्या मंडळींतील एका गरीब घरानें दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली. पुढें कित्येक रविवार तें घर उपासनेस आलें नाहीं. त्यांचें नांव कमी करावें, असें पंचांत निघालें, आणि मीही मान हालविली. भट्टीवर जाऊन पाहिलें, तेव्हां लहान लेंकरेंसुद्धां विटा उलटीत होतीं. उचल घेतली ती घरांत दाणा नव्हता म्हणून. आणि त्या वेळीं आमच्यापैकीं ज्यांच्या कणग्या भरलेल्या होत्या, त्यांनीं पायली भात दिलें नव्हतें. आम्ही दुबळ्या जागीं कोयता धरला होता. तासावयाचे होतों ते आम्ही.

सशक्तांनीं अशक्तांचा भार वाहावा, ही प्रेषित पौलाची शिकवण जाणत्या कारागिराच्या हाताशीं जुळते. ज्याचें धान्य शिल्लक आहे, ज्याची जीभ फार ताठ आहे, त्यानें आधीं प्रभूच्या हातीं स्वतःस तासूं द्यावें.

मेघांत दिसणाऱ्या धनुष्यास व लढाईच्या धनुष्यास इब्री भाषेंत एकच शब्द आहे. नोहाशीं करार करितांना देवानें आपलें धनुष्य मेघांत ठेविलें. ज्यानें आम्हांविषयीं इतकी दया धरिली, त्याची मंडळी दुबळ्यावर कशी उठेल?

यंदा उचल घेण्याचे दिवस येण्यापूर्वीं प्रत्येक मंडळीनें मूठभर धान्याचा सांठा सुरू करावा. आणि जे भट्टीवर गेले असतील, त्यांच्याकडे उपदेशकांनीं जाऊन तेथेंच प्रार्थना करावी. मग आमचा नेम चुकणार नाहीं. आमेन.