प्रश्न विचारणाऱ्याचे ऋण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उन्हाळ्यातील एका दुपारी समाजकार्याचे शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी जरीपटक्यात आमच्या घरी आली. हातात छापील प्रश्नावलीचा गठ्ठा होता आणि चेहऱ्यावर उन्हाचा व संकोचाचा शीण होता. कष्टकरी कुटुंबांतील मद्यपान आणि त्याचे घरातील स्त्रियांवर होणारे परिणाम, हा तिच्या प्रबंधाचा विषय. वस्तीत तिला कोणी ओळखत नव्हते. आम्हांला मात्र सारे ओळखत होते. तेव्हा आम्हीच तिला चार दारांपर्यंत घेऊन गेलो आणि चांगल्या कामाला हातभार लावल्याचे समाधानही मानले.

त्यांपैकी एक घर एकाच खोलीचे होते. घरची बाई धुणीभांडी आटोपून नुकतीच परतली होती. सासू खाटेवर पडली होती, मुलगा दारात खेळत होता. विद्यार्थिनीने संमतीचा मजकूर वाचून दाखविला. बाईने आमच्याकडे पाहिले, आम्ही मान हलविली आणि तिने सही केली. मग प्रश्न सुरू झाले. नवरा पितो का, किती पितो, हात उगारतो का, शेवटचा केव्हा उगारला. बाई हळू आवाजात खरे तेच सांगत गेली. खाटेवरची सासू जागी होती, याकडे आम्ही कोणीच लक्ष दिले नाही. त्या रात्री त्या घरात काय घडले, ते दुसऱ्या दिवशी बाईच्या सुजलेल्या ओठावरून आम्हांला कळले.

पुढे काही महिन्यांनी ती वाटेत भेटली. तिने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, “त्या पोरीनं माह्या गोष्टीचं काय केलं जी?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आमचा एक उशिराचा प्रयत्न आहे.

माणसांवर केलेले संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंजेक्शनची सुई येते. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपदंशाने पीडित कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता रोगाची केवळ वाटचाल पाहण्यात आली. त्याची वाच्यता झाल्यावर जग हादरले आणि वैद्यकीय संशोधनाला नियम आले. समाजशास्त्राच्या हाती सुई नसते. त्याच्या हाती प्रश्न असतो आणि प्रश्नाने काय दुखावणार, असा आपला भाबडा समज असतो. आमचा हा जरीपटका फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविला. येथील एखाद्या वृद्धाला सीमेपलीकडच्या त्या प्रवासाविषयी विचारून पाहावे. उत्तर देताना आवाज मध्येच थांबतो, आणि पाहुणा निघून गेल्यावरही ती रात्र त्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने काढावी लागते. शरीरावरची जखम डॉक्टरला दिसते. प्रश्नाने उघडलेली जखम विचारणाऱ्याच्या पाठीमागे वाहते.

शिवाय लिहिलेला शब्द चिकटून राहतो. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना, १९१६ साली, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील परिश्रम थक्क करणारे आहेत. परंतु ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्यांपैकी बहुतेकांना तो वाचता येणे शक्य नव्हते, आणि ‘हे आमच्याविषयी खोटे आहे’ असे सांगण्याची सोय तर मुळीच नव्हती. वर्णनाला राजसत्तेचा शिक्का मिळाला म्हणजे काय होते, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवून दिले. पाळण्यातले मूलही त्याने संशयित ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तथापि आजही कोठे चोरी झाली की पारध्यांच्या पालाकडे संशयाने पाहिले जाते. कायदा रद्द करता येतो. वर्णन रद्द करण्याची रीत अजून कोणी शोधलेली नाही.

मग संशोधन करूच नये काय? असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. आमच्यापासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर असलेल्या गडचिरोलीचे उदाहरण घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आरंभी त्यांनी आदिवासींमधील सिकलसेल या रक्तदोषाचा अभ्यास केला. निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या मोलाचे होते, पण लोकांना त्यांचे फारसे काही वाटले नाही. तो प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांनी तो विचारलेला नव्हता, हे डॉ. अभय बंग यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मांडले आहे. लोकांवर संशोधन, लोकांसाठी संशोधन आणि लोकांसोबत संशोधन हा त्यांनी केलेला भेद आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास झाला. शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे त्यातून दिसले. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रामीण स्त्री म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, ही आरोग्यविचाराची चौकट हलली. त्या स्त्रियांना कोणी विचारलेच नसते, तर त्यांचे दुखणे मुकेच राहिले असते. न विचारणे हाही अन्यायच आहे.

याच जिल्ह्यात पुढे एक अधिक कठीण प्रश्न उभा राहिला. नवजात बाळाची काळजी गावातील प्रशिक्षित स्त्रीने घरीच घेतली तर मृत्यू टळतील काय, हे पाहण्यासाठी १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत ही सेवा विकसित करून दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. तुलनेच्या गावांत नेहमीची सरकारी सेवा तेवढी चालू होती. सेवा मिळालेल्या गावांत नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. मग त्या ४७ गावांतील बाळांचे काय, असे मनात आल्याखेरीज राहत नाही. याचे एक उत्तर असे की, उपाय लागू पडतो हे आधी कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. तुलना झाली नसती, तर शासनाने त्यावर विश्वास ठेवला नसता. हे उत्तर आम्हांला पटते. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या नवजात बाळांसाठी घरोघरी जाऊ लागल्या, त्यामागे हे काम आहे. तरीही आमचे म्हणणे असे की, तुलनेच्या गावांतील मातांचे ऋण या यशाने फिटत नाही. उलट ते वाढते. ज्यांच्या वाट्याला केवळ मोजले जाणे आले, त्यांचा हक्क फळावर सर्वांच्या आधी असतो.

आता संमतीकडे वळू. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनासाठी २००० साली नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. संमती, गोपनीयता, हानी टाळणे, निष्कर्ष लोकांपर्यंत परत नेणे, हे सारे त्यांत आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेचे नियमही २०१७ मध्ये नव्याने आले. अनेक संस्थांत नीतिसमित्या आहेत. तेव्हा उणीव नियमांची नाही. उणीव आहे ती नियमाचा कागद आणि दारातील माणूस यांच्यातील अंतराची जाणीव ठेवण्याची. आम्ही त्या बाईला एकदा विचारले, “आम्ही सोबत नसतो, तर तू नाही म्हणाली असतीस का?” ती हसली. “तुमच्यासमोर नाही कशी म्हणू जी?” कागदावर तिची सही होती, परंतु संमती आमची होती. शिक्षक, सरपंच, धर्मगुरू, मालकीण यांच्यापैकी कोणी सोबत असताना मिळालेला होकार किती खरा मानायचा? जिथे नकार देण्याची वाट मोकळी नाही, तिथे होकाराला अर्थ उरत नाही.

गोपनीयतेचेही असेच. कबुलीजबाबाचे गुपित धर्मगुरू प्राण गेला तरी फोडीत नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला कायद्याचे संरक्षण आहे. संशोधकाला असे कोणतेही संरक्षण नाही. एवढेच नव्हे, तर मुलांच्या लैंगिक शोषणाविषयी कळल्यास ते पोलिसांना सांगणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि ते योग्यच आहे. मग एखाद्या मुलीला ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असे वचन कोणत्या तोंडाने द्यावे? जे पाळता येणार नाही, ते आधीच सांगणे हाच येथे प्रामाणिकपणा. त्यामुळे कदाचित एखादे उत्तर गमवावे लागेल. ते गमवावे.

काही अभ्यासक म्हणतील, इतकी पथ्ये पाळायची तर काम होणार कसे? विद्यार्थ्याला वेळ थोडा, पैसा त्याहून थोडा. हे खरे आहे आणि त्या विद्यार्थिनीला आम्ही दोष देत नाही. सासू जागी असताना कोणता प्रश्न विचारू नये, हे तिला कोणी शिकविले नव्हते. आम्हांला मात्र त्या घरची रीत ठाऊक होती. ती बाई कामावर असताना, एकटी असताना तिच्याशी बोलता आले असते. आम्हांला ते सुचले नाही, कारण आमचे लक्ष प्रबंधाकडे होते. चूक दुष्टपणातून झाली नाही. चांगल्या कामाच्या घाईत समोरचे माणूस दिसेनासे झाले, एवढेच.

प्रबंध पूर्ण झाला, त्याला गुण मिळाले आणि तो ग्रंथालयात जमा झाला, असे पुढे चौकशीअंती कळले. त्यात ती बाई एक क्रमांक होऊन राहिली असणार. तिचे नाव लपविले हे चांगलेच झाले. पण जिच्या दुःखावर कोणाची पदवी उभी राहिली, तिला साधे ‘तू सांगितलेस त्यातून आम्हांला हे कळले’ एवढेही कोणी येऊन सांगितले नाही. उसने आणलेले वाटीभर पीठही शेजारी परत करतात. माणसाच्या आयुष्याची गोष्ट नेऊन परत न येणे, याला काय म्हणावे?

अजूनही कधीमधी कोणी प्रश्नावली घेऊन आमच्या दारी येते. आम्ही पाणी देतो आणि दोन गोष्टी विचारतो. ज्यांच्याकडे जायचे, त्यांना नाही म्हणता येईल असे तुम्ही काय केले आहे? आणि काम संपल्यावर पुन्हा याल ना? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण थोडे गोंधळतात. जे हो म्हणतात, त्यांना आम्ही वस्तीची वाट सांगतो. सोबत मात्र जात नाही.