सोमवारी रुजू व्हायचंय आणि वाट ठाऊक नाही?

पेढे ठेव बाजूला. आधी मला सांग, सोमवारी सकाळी घरातून किती वाजता निघणार आहेस?

‘बघू, मेट्रो आहे ना’ हे उत्तर माझ्यापुढे चालायचं नाही. साडेनऊला रामवाडीच्या ऑफिसात हजर व्हायचंय. नेमणुकीचं पत्र कधीच हातात पडलंय. तेव्हापासून तू ड्रेस शिवून घेतलेस, नवी बॅग आणलीस, मोबाईलवर स्टेटस ठेवलंस. पण त्या वाटेने एकदा जाऊन यावं, हे काही तुला सुचलं नाही. दहावीला परीक्षेचं केंद्र आदल्या दिवशी बघून या, असं तुम्हाला बजावून सांगायची मी. ते काय फक्त दहावीपुरतं होतं?

मोबाईलने दीड तास दाखवला म्हणतेस. कधी बघितलंस? रात्री जेवणं झाल्यावर, अंथरुणात पडून! त्या वेळी पौड रस्ता मोकळाच असणार. सकाळी आठला पिरंगुटात उभी राहून बघ. कंपन्यांच्या बसगाड्या, मालाचे ट्रक, शाळेच्या व्हॅन आणि त्यातून वाट काढणाऱ्या दुचाक्या. पुढे भूगावात रस्ता आवळतो. एखादा ट्रक आडवा लागला की मागची रांग हलत नाही. चांदणी चौकातला नवा पूल २०२३ च्या ऑगस्टमध्ये खुला झाला, पण त्या पुलापर्यंत पोहोचायचं तर भूगाव ओलांडूनच जावं लागतं.

म्हणजे तुझं गणित कुठे चुकतंय ते कळलं का? तू मेट्रोचा वेळ मोजत बसलीयस. मेट्रोची काळजी सगळ्यात कमी आहे. वनाझहून रामवाडीला गाडी थेट जाते, मध्ये बदलायची नाही, अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. खरा प्रश्न आहे घोटावडे ते वनाझ. आपल्या गावातून फाट्यापर्यंत कशाने जाणार? वडील सोडतील म्हणतेस, पण ते कामावर जातात त्या दिवशी काय? फाट्यावरून पुण्याची बस नेमकी किती वाजता मिळते, एक चुकली तर दुसरी किती वेळाने, तिच्यात पाय ठेवायला जागा असते का, यातलं एक तरी तुला माहीत आहे? वनाझला उतरल्यावर जिना, बॅगेची तपासणी, तिकिटाची रांग, हेही वेळ खातं. कार्ड काढून ठेव म्हणजे रांग तरी वाचेल. आणि बस आणि मेट्रो मिळून महिन्याला किती पैसे लागतील, ते पगारातून वजा करून बघितलंस का? नाहीच बघितलंस.

रविवारी जाऊन येते, असं म्हणू नकोस. रविवारी कामगारांच्या गाड्या नसतात, सकाळी वाट मोकळी मिळेल आणि तू फसशील. त्यात पावसाळ्यात शनिवार-रविवारी ताम्हिणी आणि मुळशी धरणाकडे जाणाऱ्यांनी हाच रस्ता भरतो, म्हणजे परतीचाही अंदाज खोटाच निघायचा. जायचं ते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला.

आणि परतीचं काय? त्याचा तर तू विचारच केलेला दिसत नाही. सहाला सुटलीस तर वनाझला पावणेसात-सात होणार. शहरातून भरून आलेली बस तिथे थांबली तरी आत शिरता येईलच असं नाही. डेक्कनला उतरून आधीच बस धरली तर कदाचित बसायला मिळेल, पण मग पौड फाट्यापर्यंतची संध्याकाळची गर्दी बसमधूनच काढावी लागेल. दोन्ही करून बघ, तुझं तुलाच ठरवता येईल. लग्नाच्या दाट तिथी असल्या की भूगावच्या मंगल कार्यालयांपुढे गाड्या कशा लागतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. कॅलेंडरवर त्या तारखांना आत्ताच खुणा करून ठेव. शेवटची बस कितीची आहे ते कंडक्टरला तोंडाने विचार. आणि ती चुकली तर कोणाला फोन करायचा हे आजच घरात ठरव.

मी इतकी का चिडलेय, ते नीट ऐक. मुलगा उशिरा पोचला तर साहेब ओरडतो, विषय संपतो. तू पहिल्याच महिन्यात दोन-चार वेळा रात्री नऊला घरी आलीस, की ओसरीवर बोलणं सुरू होईल. आई गप्प बसेल, चुलते बोलतील, आणि मग कोणीतरी म्हणेल, इथेच पिरंगुटला काहीतरी बघ. तुझ्या हुशारीबद्दल तेव्हा कोणी विचारणार नाही. वनाझहून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो सुरू झाली २०२२ च्या मार्चमध्ये, रुबी हॉलपर्यंत गेली २०२३ च्या ऑगस्टमध्ये आणि रामवाडीला पोचली २०२४ च्या मार्चमध्ये. तुझ्याआधी माझ्या हाताखालून गेलेल्या पोरींना हे मिळालं नव्हतं. कोथरूडला खोली घ्यायची ऐपत असेल तर नोकरी, नाहीतर घर. त्यांच्यातल्या काही तुझ्यापेक्षा गणितात पुढे होत्या. तुला राहत्या घरातून जाता येतंय आणि तू एका दिवसाची चाचणी करायचा कंटाळा करतेस? मला याचाच संताप येतो.

रडू नको. वही काढ. उद्या गुरुवार आहे. पहाटे उठ, फाट्यावर सातच्या आत पोच. घर सोडल्याची वेळ, बस आल्याची वेळ, भूगाव, वनाझ, रामवाडी, ऑफिसचं दार, सगळं त्या-त्या ठिकाणी लिहायचं, आठवून नाही. दिवसभर तिकडेच थांब, ऑफिसच्या आसपास जेवण कुठे मिळतं ते बघ, आणि सहालाच परत फीर. शुक्रवारी अर्धा तास आधीची बस धरून पुन्हा जा. शनिवारी सकाळी वही घेऊन माझ्याकडे ये.

आता दे तो पेढा.