डोंगराचा कळप

पेरूच्या आयाकुचो भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 4000 मीटर उंचीवर, पाम्पा गालेरास नावाचं माळरान आहे. दरवर्षी जूनमध्ये तिथे शेकडो माणसं रंगीत चिंध्या बांधलेला लांबच लांब दोर धरून चालू लागतात. रांगेचं कडं आवळत जातं आणि आत सापडतात विकुन्या. उंटाच्या गोतातलं, पण हरणासारखं नाजूक, रानटीच राहिलेलं हे जनावर. लोकर कातरायची आणि सोडून द्यायचं. क्वेचुआ भाषेत या हाक्याला ‘चाक्कू’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द भलतंच काही सुचवतो, पण विकुन्यांवर इथे फक्त कातर चालते.

रानातलं जनावर कुणाचं? अँडीजमधलं जुनं उत्तर आहे, डोंगराचं. लामा-अल्पाका ही माणसाची गुरं, तर विकुन्या ‘आपू’ची, म्हणजे डोंगरदेवाची. इंका राजांनी हे नाकारलं नाही. देवाच्या खिल्लाराची राखण मात्र आपल्या हाती घेतली. इंका आई आणि स्पॅनिश बाप यांच्या पोटी कुस्कोत जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगाने 1609 मध्ये छापलेल्या ग्रंथात याचं वर्णन आहे. एका मुलखात हाका झाला की तिथे पुन्हा पाळी चौथ्या वर्षी. नर किती, माद्या किती, याचा हिशेब किपू नावाच्या दोऱ्यांच्या गाठींत. तलम लोकर राजघराण्याला, ग्वानाको या त्याच गोतातल्या रानटी जनावराची जाडीभरडी रयतेला. ही सरळसरळ मक्तेदारी होती, तिला रामराज्य म्हणायला मी तयार नाही. पण लोकर पुन्हा वाढायला लागणारा वेळ त्या हिशेबात धरलेला होता.

1532 मध्ये स्पॅनिश आले आणि राजाचं जनावर बेवारशी झालं. जेमतेम दोनशे ग्रॅम लोकरीसाठी अख्खं जनावर बंदुकीने लोळवण्याची रीत पडली. 1825 मध्ये स्पॅनिश सत्ता उलथवणाऱ्या सिमोन बोलिव्हारने हत्येला मनाई केली. त्याच वर्षी विकुन्या पेरूच्या राजचिन्हावरही झळकली. राजचिन्हावरची तेवढी सुखरूप राहिली. 1960च्या दशकात साऱ्या अँडीजमध्ये मिळून जेमतेम दहा हजार उरल्या असाव्यात.

मग विचार आला, हातच लावायचा नाही. 1967 मध्ये पाम्पा गालेरास राखीव झालं, 1975 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. कळप वाढले, ही मोठीच गोष्ट. पण ते चरत होते गावकऱ्यांच्या कुरणात, आणि गावाच्या पदरात काहीच नव्हतं. 1979च्या लिमा करारात याची कबुली आहे. विकुन्या राखल्याचा लाभ अँडीजच्या रहिवाशांना मिळावा, असं तो म्हणतो. पुढे ‘शायनिंग पाथ’ या माओवादी बंडखोरांच्या हिंसाचारात पहारा उठला, तेव्हा चोरट्या शिकाऱ्यांना रान मोकळं मिळालं. अखेर 1995 मध्ये पेरूने आपापल्या जमिनीवरच्या कळपांची मालकी गावसमाजांना दिली. आज अँडीजमधल्या विकुन्यांची मोजदाद लाखांत होते.

इथे थांबलं तर गोष्ट गोड होते. पण हा धागा पश्मिन्याहूनही तलम, जाडी 12-13 मायक्रॉन. व्यापार पुन्हा खुला झाल्यावर त्याचा कोट युरोपातल्या दुकानात लाखो रुपयांना जातो आणि थंडीत दोर धरणाऱ्या गावाच्या वाट्याला त्यातला नगण्य हिस्सा येतो. शिवाय मालकी म्हटली की कुंपण आलंच. नव्वदच्या दशकात पेरूमध्ये हजार-हजार हेक्टरांची कायमची जाळीबंद कुरणं उभी राहिली. आपल्या कागदावरचं जनावर शेजारच्या गावात जाऊ नये, ही इच्छा मला समजते. पण पिढ्यान्‌पिढ्या जाळीत कोंडलेल्या कळपाला बाहेरचं रक्त मिळायचं कसं, ही जीवशास्त्रज्ञांची शंकाही रास्त आहे. अल्पाका मुळात विकुन्यापासूनच माणसाळलेली, असं जनुकांचा अभ्यास सांगतो. म्हणजे रानटीला पाळीव करण्याची ही वाट माणूस एकदा चालून गेलेला आहे.

कागद आता गावाच्या नावावर आहे. तरी चाक्कूच्या आधी कोकाची पानं ठेवून परवानगी मागितली जाते ती डोंगराकडेच.