जिला उद्देशून लिहिले तिने वाचले तेव्हा

अनिलांची ‘अजुनी रुसून आहे’ कुमार गंधर्वांनी गायली आणि ती घरोघरी पोहोचली. तिच्या पाठोपाठ एक गोष्टही पोहोचली : पत्नी गेल्यावर अनिलांनी ही कविता लिहिली, रुसलेली ती म्हणजे गेलेली ती. सांगणारे गहिवरून सांगतात, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. कविता केव्हाची, हे मात्र कोणी विचारत नाही. मला ही गोष्ट कवितेवर अन्याय करणारी वाटते. रुसवा दोन जित्याजागत्या माणसांमध्ये असतो. आज ना उद्या समोरचे माणूस बोलेल, ही आशा त्यात धरलेलीच असते आणि कवितेतली सारी आर्जवे तिच्यावरच उभी आहेत. मध्ये मृत्यू आणला की आर्जवाचा विलाप होतो. विलापाच्या कविता आपल्याकडे पुष्कळ आहेत. नांदत्या घरातला अबोला इतक्या हळुवारपणे कवितेत क्वचितच आला आहे.

म्हणून कवीचे आयुष्य बाजूला ठेवूनच कविता वाचावी, असे मी म्हणणार नाही. आपण त्या आयुष्यात शोधतो काय, हा माझा प्रश्न आहे. आपण प्रसंग शोधतो. मुलगी कोण, साल कोणते, फिसकटले कशामुळे.

माधव जूलियनांच्या वाट्याला हेच आले. फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसी शिकवत. एका विद्यार्थिनीशी त्यांचे नाव जोडले गेले, पुण्यात गदारोळ उठला, नोकरी सुटली. पुढे 1926मध्ये ‘विरहतरंग’ आले, तेव्हा त्यात लोक खरी माणसे शोधू लागले. पण हाच माणूस फारसी-मराठी कोश रचत होता, हेही त्याचे आयुष्यच की! फारसी काव्यातल्या गझलेत प्रत्येक शेर आपापल्या पायावर उभा असतो. झालेली हकीकत क्रमाने सांगायची सोयच तिथे नसते. दाद न देणारी, दुरावलेली प्रेयसी त्या परंपरेत शतकानुशतके होतीच. त्यांच्या 1933च्या ‘गज्जलांजली’तल्या व्याकुळतेत पुण्याने केलेली जखम किती आणि फारसीचा संस्कार किती, हे कोणाला वेगळे काढता येईल? अभ्यासाची खोलीही प्रेमकवितेला घडवते. चरित्रकारांना मात्र बदनामीच अधिक रुचते.

अनिलांकडे प्रसंग शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच अनिल, आणि कुसुम जयवंत, पुढच्या कुसुमावती देशपांडे, यांचे प्रेम जमले, दोघांनी एकमेकांना खूप पत्रे लिहिली, ती शिकायला इंग्लंडला गेली, परतल्यावर 1929मध्ये लग्न झाले. तो न्यायखात्यात, ती नागपुरात इंग्रजीची प्राध्यापक. यात वादळ नाही. पण ती कोण होती ते पाहा. ‘पासंग’मधले समीक्षालेख तिचे, मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा धांडोळा तिचा, ‘दीपकळी’तल्या कथा तिच्या. 1961मध्ये ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाची ती अध्यक्ष झाली, त्या पदावरची पहिली स्त्री. ज्याच्या घरात असा वाचक बसलेला असतो, त्याला प्रेयसीला चंद्राची उपमा देऊन सुटता येत नाही. अनिलांच्या प्रेमकवितेत पूजा कमी आणि बोलणे अधिक आहे. ही कविता समजूत काढते, विचारते, कबूल करते. मराठीत मुक्तछंद रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्यामागे वाङ्मयीन कारणे होतीच. पण रोजच्या संवादाची लय कवितेत आणावी असे ज्याला वाटले, त्याला घरात तोडीस तोड संवाद मिळत होता, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. प्रेमाने इथे कवितेला विषयापेक्षा मोलाचे काही दिले : कोणाशी कसे बोलायचे, याचे वळण.

आणि आपल्याला हे तपासून पाहता येते, कारण दोघांची पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने 1972मध्ये छापली गेली. कवीने जिला लिहिले तिने उलट काय लिहिले, हे किती प्रेमकवितांच्या बाबतीत आपल्यासमोर आहे? बहुतेकींचे म्हणणे कागदावर उतरलेच नाही, उतरले तर कोणी जपले नाही. मग वाचक त्या रिकाम्या जागी आपल्या मनाची नायिका बसवतो, कधी तिला मारूनही टाकतो. कुसुमावतींच्या जागी कोणाला बसवायची गरज नाही. त्यांनी स्वतः लिहिले आहे, खणखणीत लिहिले आहे. अनिलांचा ‘फुलवात’ हा कवितासंग्रह वर्गात शिकवताना या पत्रव्यवहारातली दोन पत्रे, एक त्याचे आणि एक तिचे, मुलांना वाचून दाखवावीत. आधी तिचे.