चुलीची साक्ष

2014 मध्ये युनेस्कोने लवाश या पातळ रोटीची नोंद आर्मेनियाच्या सांस्कृतिक वारशात केली. दोनच वर्षांनी अझरबैजान, इराण, कझाखस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान या पाच देशांनी एकत्र येऊन लवाश आणि तिच्या जातीच्या इतर रोट्यांची वेगळी नोंद करून घेतली. त्याआधी 2011 मध्ये तुर्कस्तानने केश्केक नोंदवला होता. कोंडा काढलेला गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून, घोटून केलेला हाच पदार्थ आर्मेनियन घरांत हरिसा म्हणून ओळखला जातो. 2017 मध्ये अझरबैजानने दोल्मा नोंदवला. द्राक्षाच्या पानात सारण गुंडाळून शिजवलेल्या या पदार्थाला आर्मेनियन लोक तोल्मा म्हणतात आणि तो मुळात आपलाच, असे ठासून सांगतात.

युनेस्कोची यादी खरे तर कुणालाच पदार्थाची मालकी देत नाही. 2003 च्या ज्या करारावर ती उभी आहे, त्यानुसार एकाच परंपरेची नोंद अनेक देश करू शकतात. पण सीमेवर सैन्य उभे असताना एवढा बारकावा कोण पाहतो? यादीत नाव लागले की पदार्थ आपला झाला, दुसऱ्याचे लागले की तो चोरीला गेला, असा हिशेब मांडला जातो.

हा वाद चुकीच्या प्रश्नावर चालला आहे. गहू, दही, द्राक्षाची पाने, डाळिंब, वांगी ही सगळी पूर्व अनातोलिया आणि कॉकेशसच्या शेता-परसांतली सामग्री. तिथे आर्मेनियन, तुर्क, कुर्द, ग्रीक, अरब आणि असिरियन शेकडो वर्षे शेजारी राहिले. शेजारणी एकमेकींकडून शिकल्या, लग्नाकार्यात एकमेकींच्या चुलीशी बसल्या. घोटलेल्या गव्हा-मांसाचे कूळ तर अरबस्तानच्या हरीसपासून हैदराबादच्या हलीमपर्यंत पसरले आहे. त्यातला पहिला हंडा कुणाचा, हे सांगणारा पुरावा कुठल्याही दप्तरात सापडणार नाही.

मग पुष्कळदा दुसरे टोक गाठले जाते: अन्न सगळ्यांचे असते, त्याला जात-धर्म-देश नसतो. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि सामान्यतः खरेही आहे. अडचण एवढीच की आर्मेनियनांच्या बाबतीत सामायिक चुलीभोवती बसणाऱ्यांपैकी एकाला उठवून लावले गेले. 1915 पासून उस्मानी साम्राज्यातल्या आर्मेनियनांची कत्तल झाली, उरलेल्यांना सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले गेले. आज गाझियान्तेप म्हणून ओळखले जाणारे ऐन्ताब हे त्या काळी आर्मेनियनांच्या मोठ्या वस्तीचे शहर होते. तिथून निघालेल्या कुटुंबांनी ऐन्ताबी स्वयंपाक अलेप्पो, बैरूत आणि अमेरिकेपर्यंत नेला. 2015 मध्ये युनेस्कोने याच गाझियान्तेपला खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. त्या मानाला हे शहर पात्र आहेच. पण तिथल्या चवीचे वर्णन आर्मेनियनांचे नाव न घेता केले, तर 'सामायिक' हा शब्द औदार्याचा राहत नाही, झाकणाचा होतो.

म्हणून माझे म्हणणे असे की आर्मेनियन स्वयंपाकाकडे मालकीचा दावा म्हणून पाहू नये, साक्ष म्हणून पाहावे. मालकी सांगणारा पदार्थ कुठून आला याबद्दल बोलतो. साक्षीदार मात्र तो कुणी, कुठे, कोणत्या दिवशी आणि कुणासाठी केला हे सांगतो. पहिल्या गोष्टीचा निकाल लागणार नाही, दुसरी मात्र बरीचशी ठाऊक आहे.

एखादा पदार्थ समाजाचा होतो तो उगमामुळे नव्हे, पंचांगामुळे. आपल्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे चौघेही मूळचे अमेरिका खंडांतले. पण म्हणून ती खिचडी उपासाची आणि महाराष्ट्राची नाही असे कुणी म्हणणार नाही. आर्मेनियन घरांतही हेच घडले आहे. त्यांचा धर्मसंघ उपासाच्या बाबतीत कडक. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात जुन्या रीतीप्रमाणे मांस, दूध, अंडी सगळेच वर्ज्य. त्यातून साऱ्या प्रदेशाच्या तोल्म्याला एक निराळे रूप मिळाले: पासुत्स तोल्मा. मांसाऐवजी हरभरा, मसूर, राजमा, भरडलेला गहू अशी कडधान्ये आणि धान्ये कोबीच्या पानांत गुंडाळायची. ही कडधान्ये-धान्ये मिळून सात असावीत असा संकेत. इस्तंबूलच्या आर्मेनियनांनी याच नियमातून टोपिक घडवला. वाटलेल्या हरभऱ्याच्या पारीत परतलेला कांदा, तिळाची ताहिनी, बेदाणे आणि दालचिनीचे सारण. गुंडाळण्याची, भरण्याची कला साऱ्या प्रदेशाची असेल, पण तिला हे वळण मिळाले ते या समाजाच्या व्रतामुळे.

वर्षभराचे इतर दिवसही स्वयंपाकघरातूनच ओळखू येतात. काही गावांत उपासाच्या आरंभी एका कांद्यात सात पिसे खोचून तो छताला टांगत आणि दर आठवड्याला एक पीस उपटत. उपास निम्मा सरला की बिनखमिराच्या भाकरीत नाणे दडवायचे. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्याचे वर्ष भाग्याचे. संत सार्गिसच्या सणाला अविवाहित मुले-मुली खारट बिस्किट खाऊन, पाणी न पिता झोपतात. स्वप्नात जो पाणी पाजेल तो जोडीदार. 6 जानेवारीच्या नाताळाला गहू, जर्दाळू आणि बेदाणे घालून केलेली अनुशापूर ही गोड खीर. ऑगस्टच्या मध्याला देवमातेच्या सणात चर्चमध्ये द्राक्षांना आशीर्वाद मिळतो, आणि जुन्या वळणाची माणसे तोवर नवी द्राक्षे तोंडात घालत नाहीत. यातला प्रत्येक घटक शेजाऱ्याकडेही सापडेल. या क्रमाने, या कारणासाठी मात्र तो इथेच सापडतो.

मुसा दाघच्या हरिशाचे उदाहरण घ्या. भूमध्य समुद्राकाठच्या या डोंगराभोवतीच्या आर्मेनियन गावकऱ्यांनी 1915 च्या उन्हाळ्यात हद्दपारीचा हुकूम धुडकावला आणि डोंगरावर चढून सात आठवड्यांहून अधिक काळ लढा दिला. शेवटी फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांहून अधिक माणसांना उचलून इजिप्तमधल्या पोर्ट सैदला पोहोचवले. फ्रांत्स व्हेर्फेलच्या 1933 च्या कादंबरीमुळे ही हकीकत जगभर गेली. महायुद्धानंतर पुष्कळजण गावी परतले. पण 1939 मध्ये तो प्रदेश तुर्कस्तानात सामील झाला आणि बहुतेकांनी पुन्हा घरे सोडून लेबनॉनमध्ये अंजार वसवले. वाकिफ्ली हे एकच गाव मागे राहिले. आज वाकिफ्लीत ऑगस्टमध्ये द्राक्षांच्या सणाला, तर अंजार आणि आर्मेनियातल्या मुसालेर येथे सप्टेंबरमध्ये मोठमोठे हंडे चढतात, रात्रभर हरिसा घोटला जातो आणि सकाळी येईल त्याला वाढला जातो. तुर्की गावातल्या लग्नात ढोल-सनईच्या साथीने शिजणारा केश्केक खोटा नाही. साहित्य तेच, कृतीही जवळपास तीच. पण एका हंड्यात लग्नाचा आनंद आहे, दुसऱ्यात वेढ्याची आठवण. पहिल्या हंड्याची नोंद झाल्याने दुसऱ्याचे काही जात नाही. पण पहिल्याकडे बोट दाखवून दुसरा नव्हताच म्हणणे, हे खोटे ठरेल.

साक्षीची खरी कसोटी लागते ती बोलण्याची सोय नसते तेव्हा. तुर्कस्तानातल्या वकील फेतिये चेतिन यांनी 2004 मध्ये आपल्या आजीवर पुस्तक लिहिले. मुसलमान म्हणून आयुष्य काढलेल्या या आजीचे जन्मनाव होते हेरानुश. 1915 मध्ये निर्वासितांच्या तांड्यातून एका जेंडार्मने, म्हणजे सशस्त्र पोलिसाने, तिला आईपासून तोडून नेले होते. हे तिने नातीला सांगितले ते म्हातारपणी. ते ऐकल्यावर चेतिन यांना लहानपणची एक गोष्ट उमगली. वर्षातल्या ठराविक दिवसांत आजीच्या काही मैत्रिणींकडे गेले की घरोघरी चोरेक ही वेणीची गोड भाकरी पुढे येई. ते दिवस ईस्टरचे होते. या बायकांची नावे बदलली होती, धर्म बदलला होता. चर्चमध्ये जाणे तर शक्यच नव्हते. एकमेकींच्या दारी जाऊन त्या एक भाकरी खात होत्या आणि त्याबद्दल बोलत नव्हत्या. चोरेक तुर्कांच्याही घरी होतो, म्हणूनच तो लपवता आला. उगमाचा दावा करणाऱ्यांना पदार्थाचे हे सामायिकपण कमीपणाचे वाटते. या बायकांना त्याच सामायिकपणाने आडोसा दिला.

उलट घडते तेव्हा काय होते, हेही पाहायला हवे. वंशसंहारातून वाचलेल्या पैलाद्झो काप्तानियन यांनी आपल्या निर्वासनाची हकीकत 1919 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंचमधून प्रसिद्ध केली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत राहत असताना, 1946 च्या सुमारास, त्यांच्या घरी भाड्याने राहायला आलेल्या एका नवविवाहितेला त्यांनी शेवया परतून घातलेला पिलाफ शिकवला. तिच्या सासरचा कारखाना होता शेवया-पास्त्याचा. 1958 मध्ये तोच पिलाफ 'राइस-अ-रोनी' या नावाने खोक्यात आला आणि अमेरिकेच्या घराघरांत शिजू लागला. कृती टिकली, पसरली. साक्ष खोक्याबाहेर राहिली. आपल्याजवळही असे उदाहरण आहे. व्यापारी आर्मेनियन सुरत, मुंबई, कोलकात्यात स्थिरावले होते. मुंबईच्या फोर्टमध्ये आर्मेनियन लेन आहे, चर्च आहे, समाज जवळपास उरलेला नाही. बंगाली घरांतल्या परवराच्या दोल्म्याचे श्रेय अनेकजण कोलकात्याच्या आर्मेनियनांना देतात, काहीजण मुघलांना. तो आता बंगाल्यांचा आहे, कारण तो त्यांच्या पंचांगात आणि पंगतीत बसला आहे. त्यात वाईट काहीच नाही. फक्त आर्मेनियनांबद्दल तो आता काही सांगत नाही.

साक्षीचे कौतुक करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, ही परंपरा अखंड नाही. 'आजीच्या हातची मूळ चव' हा शब्दप्रयोग आर्मेनियनही करतात, पण त्या आज्यांपैकी हजारोजणी अनाथालयांत वाढल्या. ज्यांच्या आया वाटेत मेल्या, त्यांना पीठ मळायला शिकवले ते कुणा परगावच्या बाईने, सासूने किंवा अलेप्पोतल्या शेजारणीने. 1946 पासून लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, ग्रीस अशा ठिकाणांहून हजारो कुटुंबे सोव्हिएत आर्मेनियात येऊन राहिली, तेव्हा स्थानिकांना त्यांचे जेवण परकेच वाटले. सीरियातल्या युद्धानंतर अलेप्पोचे आर्मेनियन येरेवानला आले आणि त्यांनी खानावळी काढल्या. आज येरेवानमध्ये 'आपला' म्हणून खाल्ला जाणारा लहमाजून, म्हणजे खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी, याच वाटांनी आला. राष्ट्राला एक पाककृतींचा संग्रह हवा असतो. घरांत मात्र ऐन्ताब, कायसेरी, वान, मुसा दाघ वेगवेगळे शिजत राहतात. ठिगळे जोडून शिवलेली ही परंपरा आहे, आणि ठिगळे दिसू देणे हाच तिच्याशी प्रामाणिकपणा.

दुसरी गोष्ट कष्टांची. लवाश एकटीने होत नाही. एकजण गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी हवेत झुलवून पातळ झालेली पोळी गवताने भरलेल्या उशीवर ताणते आणि जमिनीत पुरलेल्या तोनीरच्या तापलेल्या भिंतीवर थापते. महिनोन्‌महिने टिकणारी रोटी एका बैठकीत भाजायची म्हणजे धग, धूर आणि वाकून मोडलेली कंबर. युनेस्कोच्या नोंदीत बायकांच्या या सहकार्याचा गौरव आहे. गौरव योग्यच, पण जपणुकीचे सगळे ओझे ज्यांच्यावर टाकले त्यांना पर्याय किती होता, हेही विचारायला हवे. 1915 मध्ये बहुतेक पुरुष आधीच मारले गेले आणि निर्वासनाच्या वाटेवर मुख्यतः बायका-मुले होती. घर, शेत, चर्च, दप्तर काहीच बरोबर नेता येईना, तेव्हा जे हातात होते तेवढे उरले. त्याला निव्वळ प्रेमाचा ठेवा म्हणणे अपुरे आहे. ती नाइलाजाने पत्करलेली दप्तरदारी होती.

सप्टेंबर 2023 मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियनांनी काराबाख हा अझरबैजानशी वादात असलेला डोंगराळ प्रदेश सोडला. त्यांची ओळख सांगणारा पदार्थ म्हणजे झिंग्यालोव हात्स: बारीक चिरलेल्या दहा-वीस रानभाज्या भरून तव्यावर भाजलेली भाकरी. येरेवानमध्ये ती आज सहज मिळते. पण कोणती भाजी कोणत्या उतारावर, बर्फ वितळल्यावर किती दिवसांनी खुडायची, हे ज्ञान भाजीबाजारात मिळत नाही. कृती माणसांबरोबर निघते, जमीन निघत नाही. अन्न सारे काही वाचवते हा दिलासा इथे टिकत नाही, आणि तो देऊ नये हेच बरे.

तरीही वारशाच्या याद्यांकडून एक मागणी करता येईल. पदार्थाच्या नोंदीत तो आज कोणत्या देशात होतो एवढेच नको. तिथे तो आणखी कोण करत असे, ते लोक आता कुठे आहेत आणि का गेले, हेही लिहिले जावे. अशा नोंदीमुळे कुणाचा पदार्थ कमी होणार नाही, कुणाला चुलीवरून उठावे लागणार नाही. तिची भीती वाटेल ती फक्त त्यांना, ज्यांना 'सगळ्यांचे' म्हणताना काही नावे गाळायची आहेत.